पुस्तक मोकळं कधी होतं?

मैत्रिणींनो, आज आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा जरा वेगळा विषय घेतला आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार करार आणि कॉपीराइट. नाव वाचून पान उलटू नका. आमच्या महिला वाचन मंडळात मी हा विषय काढला, तेव्हा ‘अगं, पण आपला काय संबंध?’ असं एकीने लगेच विचारलंच. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत येतो.

‘श्यामची आई’पासूनच सुरुवात करू. आपल्यापैकी क्वचितच कुणी असेल, जिने हे पुस्तक वाचलं नाही किंवा मुलांना वाचून दाखवलं नाही. आज पुस्तकांच्या दुकानात गेलात, तर वेगवेगळ्या प्रकाशकांनी काढलेल्या त्याच्या आवृत्त्या दिसतात. कुणाची साध्या कागदावरची स्वस्त, कुणाची चित्रांची, कुणाची पुठ्ठा बांधणीची. एकाच पुस्तकाचे इतके प्रकाशक कसे?

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यानंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर कॉपीराइट असतो. ही साठ वर्षं मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे गुरुजींचं लेखन ३१ डिसेंबर २०१० पर्यंत कॉपीराइटमध्ये होतं आणि १ जानेवारी २०११ ला ते मोकळं झालं. मोकळं म्हणजे काय? तर ते कुणीही छापावं, त्याचं नाटक करावं, आवाजात रेकॉर्ड करावं, दुसऱ्या भाषेत न्यावं. परवानगी नको, पैसे नकोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ ला असंच मोकळं झालं. बहिणाबाईंचं गणित थोडं वेगळं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. लेखन मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं तर साठ वर्षं प्रसिद्धीच्या वर्षापासून धरतात. त्यामुळे ती गाणी २०१३ च्या पहिल्या दिवशी सगळ्यांची झाली.

आता प्रश्न असा, की साठच का? पन्नास का नाही, सत्तर का नाही? आणि हा आकडा ठरवतं कोण?

पन्नासाचे साठ झाले ते असे

बर्न इथे १८८६ मध्ये झालेला एक जुना आंतरराष्ट्रीय करार आहे. आजच्या त्याच्या नियमाप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षं कॉपीराइट द्यावा लागतो. आपल्या १९५७ च्या कायद्यातही पन्नासच वर्षं होती. पण १९९१ साल संपत आलं आणि रवींद्रनाथ टागोरांचं लेखन मोकळं व्हायची वेळ आली. ते १९४१ मध्ये गेले होते आणि त्यांचे हक्क विश्वभारतीकडे होते. तेव्हा सरकारने वर्ष संपता संपता अध्यादेश काढला, १९९२ मध्ये संसदेत कायदा झाला आणि पन्नासाचे साठ झाले.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर दोन मतं असू शकतात. पण तो कुणी घेतला, कधी घेतला, कशासाठी घेतला, हे सगळ्यांना कळलं. वर्तमानपत्रात आलं. ज्यांना पटलं नाही त्यांना तसं बोलता आलं. संसदेत बदललेला कायदा पुढची संसद पुन्हा बदलूही शकते. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच्या अगदी उलट आहे.

गाठोड्यात बांधलेला कायदा

दोन देश किंवा दहा-बारा देश व्यापाराचा करार करतात, तेव्हा आपल्याला वाटतं की कापड, मोटारी, दूध पावडर यांच्यावरचा कर कमी-जास्त करत असतील. तो भाग असतोच. पण गेल्या तीस वर्षांत या करारांच्या गाठोड्यात ‘बौद्धिक संपदा’ नावाचं एक जाडजूड प्रकरण येऊन बसलं आहे. त्यात औषधांची पेटंट, बियाणं, ट्रेडमार्क आणि कॉपीराइट असतं. मोठा देश म्हणतो, तुमचं कापड आमच्याकडे कमी करात येऊ देतो, पण तुमच्या देशातला कॉपीराइट आमच्याइतका लांबवा. लहान देशाला कापड विकायचं असतं. तो मान डोलावतो.

हे सगळं बोलणं बंद दाराआड चालतं. वाटाघाटी सुरू असताना मसुदा लोकांना दाखवत नाहीत. त्यांचं म्हणणंही ऐकून घेऊ. भाजीवालीशी भाव करताना आपण ‘मी चाळीसपर्यंत जाईन’ असं आधी सांगतो का? नाही सांगत. तसंच देशालाही आपले पत्ते झाकून ठेवावे लागतात. कराची टक्केवारी ठरवताना हे पटण्यासारखं आहे. पण कॉपीराइट म्हणजे काही भाजीचा भाव नाही. तो देशातल्या प्रत्येक वाचकाला, विद्यार्थ्याला, वाचनालयाला लागू होणारा कायदा आहे. कायदा करताना पत्ते कुणापासून झाकायचे? आपल्याच लोकांपासून?

शिवाय दार सगळ्यांना सारखं बंद नसतं. अमेरिकेत व्यापार करारांसाठी सल्लागार समित्या असतात. त्यात मोठ्या उद्योगांचे प्रतिनिधी बसतात आणि त्यांना गुप्त मसुदे पाहायला मिळतात. तिथल्या खासदारांना मात्र पुढे सांगितलेल्या बारा देशांच्या कराराचा मसुदा २०१५ मध्ये संसदेच्या इमारतीतल्या एका पहाऱ्याच्या खोलीत बसून वाचावा लागे. प्रत बाहेर न्यायला बंदी होती. लोकांनी निवडून दिलेल्यांची ही गत, तर साध्या नागरिकाची काय कथा!

युरोपातल्या मुलांनी पाडलेला करार

अशा गुप्ततेला पहिला मोठा दणका बसला तो ‘अ‍ॅक्टा’ या कराराला. बनावट मालाला आळा घालण्यासाठी म्हणून अमेरिका, जपान, युरोपीय संघ आणि काही देशांनी २००७ मध्ये याची घोषणा केली. नाव बनावट मालाचं, पण आत इंटरनेटवरच्या कॉपीराइटचे नियमही होते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेने माहितीच्या कायद्याखाली मसुदा मागितला, तर सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन नकार दिला. गाणी-सिनेमाच्या हक्कांचा मसुदा, आणि तो दाखवला तर देशाची सुरक्षा धोक्यात!

शेवटी दहावीचा पेपर फुटावा तसे मसुद्याचे भाग फुटले. मार्च २०१० मध्ये युरोपच्या संसदेने ६३३ विरुद्ध १३ मतांनी ठराव करून हा लपवाछपवीचा कारभार थांबवा असं बजावलं. त्यानंतर एप्रिलमध्ये मसुदा पहिल्यांदा अधिकृतपणे जाहीर झाला. एखाद्याचं इंटरनेट तोडण्याची वाट मोकळी होईल, अशा ज्या गोष्टींची लोकांना भीती वाटत होती, त्या शेवटच्या मजकुरात उरल्या नाहीत. नुसतं उजेडात आणल्यावर इतका फरक पडला.

भारत या करारात नव्हता. तरी २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आपण त्याविरुद्ध बोललो. आपली स्वस्त औषधं दुसऱ्या देशांत जाताना युरोपच्या बंदरांत अडवली गेली होती, तो अनुभव ताजा होता.

जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय संघाने आणि त्यातल्या २२ देशांनी टोकियोत सह्या केल्या आणि पोलंडमध्ये कडाक्याच्या थंडीत हजारो लोक रस्त्यावर आले. त्यात कॉलेजची मुलं-मुली फार होती. या कराराचा अभ्यास करून अहवाल द्यायचं काम युरोपच्या संसदेने कादेर आरिफ या खासदाराकडे सोपवलं होतं. या सगळ्या पद्धतीचा निषेध करून त्यांनी ते काम सोडलं. सुमारे २८ लाख सह्यांचं निवेदन संसदेत पोहोचलं. ४ जुलै २०१२ ला मतदान झालं. कराराच्या बाजूने ३९, विरोधात ४७८. करार तिथेच संपला.

दारातून गेला, खिडकीतून आला

पण गोष्ट इथे थांबत नाही. त्याच सुमारास ‘टीपीपी’ या दुसऱ्या कराराची बोलणी चालू होती. त्यात अमेरिका, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, व्हिएतनाम असे बारा देश होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये विकिलीक्सने त्यातलं बौद्धिक संपदेचं प्रकरण उघड केलं आणि कॉपीराइटचा काळ किती लांबवायचा यावर आत काय ओढाताण चालली आहे, ते जगाला कळलं. २०१५ मध्ये ठरलेल्या अंतिम मजकुरात सत्तर वर्षांचा आकडा होता.

हा आकडा आला कुठून? अमेरिकेने १९९८ मध्ये आपल्या घरात पन्नासाचे सत्तर केले होते आणि कंपन्यांच्या मालकीच्या कामांना पंचाण्णव वर्षं दिली होती. तो बदल हवा असणाऱ्यांत डिस्ने कंपनी होती. त्यामुळेच मिकी माऊसचा १९२८ मधला पहिलावहिला सिनेमा, जो २००४ मध्ये मोकळा झाला असता, तो थेट २०२४ च्या १ जानेवारीला झाला. आपल्या घरातला हा नियम अमेरिकेला करारामार्फत दुसऱ्यांच्या घरात न्यायचा होता. न्यूझीलंडच्या सरकारने हिशोब मांडून सांगितलं, की या वाढीव वीस वर्षांमुळे आपल्या देशाला वर्षाला सरासरी साडेपाच कोटी न्यूझीलंड डॉलरचा भुर्दंड पडेल. तरीही त्यांनी सही केली, कारण गाठोड्यातल्या बाकीच्या वस्तू हव्या होत्या.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिका स्वतःच या करारातून बाहेर पडली. उरलेल्या अकरा देशांनी ज्या २२ गोष्टी बाजूला ठेवल्या, त्यात कॉपीराइटची सत्तर वर्षं होती. सुटलो म्हणायचं का? नाही. जपानने ३० डिसेंबर २०१८ पासून सत्तर वर्षं लागू केलीच. युरोपशी केलेल्या करारातही त्यांनी ते कबूल केलं होतं. कॅनडाने अमेरिका आणि मेक्सिकोशी नवा करार केला, त्यात सत्तर मान्य केले आणि ३० डिसेंबर २०२२ ला कायदा बदलला. न्यूझीलंडने २०२३ मध्ये युरोपशी करार करताना वीस वर्षं वाढवायचं वचन दिलं.

याचा वाचकांना काय फरक पडला, ते बघा. जपानमध्ये ‘आओझोरा बुंको’ नावाचं इंटरनेटवरचं वाचनालय आहे. तिथे लोक आपल्या फावल्या वेळात मोकळी झालेली पुस्तकं टाइप करतात, तपासतात आणि सगळ्यांना फुकट वाचायला ठेवतात. युकिओ मिशिमा हे प्रसिद्ध लेखक १९७० मध्ये गेले. त्यांची पुस्तकं २०२१ मध्ये तिथे येऊ शकली असती, आता ती २०४१ मध्ये येतील. कॅनडाच्या लाडक्या कादंबरीकार मार्गारेट लॉरेन्स १९८७ मध्ये गेल्या. त्यांचं लेखन २०३८ ला मोकळं होणार होतं, आता २०५८ उजाडावं लागेल. आज चाळिशीत असलेली तिथली शाळेची बाई तोवर सत्तरी ओलांडलेली असेल.

लेखकाच्या घरच्यांचं काय?

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगते. लेखकाला त्याच्या कष्टाचे पैसे मिळालेच पाहिजेत. चालू पुस्तकाची चोरटी प्रत फुटपाथवरून घेणं मला मुळीच पसंत नाही. लेखक गेल्यावर त्याच्या पत्नीला, मुलाबाळांना आधार मिळावा, हेही रास्त आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये संसदेने कायदा बदलून सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला, तेव्हा मला फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं त्यांची गाणी वाजत होती आणि पैसे दुसऱ्याच्याच खिशात जात होते.

पण साठची सत्तर केल्याने कुणाचं भलं होतं? मृत्यूनंतर साठ वर्षांनीही ज्याची पुस्तकं खपतात असा लेखक हजारात एखादा. बाकीच्यांची पुस्तकं कुणी छापतच नाही. आमच्या वाचन मंडळाकडे एका जुन्या लेखिकेचं आत्मकथन आहे. पानं इतकी पिवळी झाली आहेत, की हात लावला तर तुकडा पडतो. पुन्हा छापावं म्हणून आम्ही खटपट केली. प्रकाशन केव्हाच बंद पडलेलं, वारस कोण आणि कुठे याचा पत्ता नाही. परवानगी मागायची तर कुणाकडे? असं पुस्तक कॉपीराइटमध्ये अडकून राहतं, आणि मोकळं होईपर्यंत कागद टिकेलच असं नाही. त्यातही बायकांची पुस्तकं जास्त, कारण त्यांच्या आवृत्त्या मुळातच लहान निघायच्या. वाढीव दहा वर्षांत त्या लेखिकेच्या घरी एक रुपया जाणार नाही, फक्त तिचं नाव आणखी पुसट होईल.

आपल्याकडे आजही साठच आहेत. त्या हिशोबाने आचार्य अत्र्यांचं लेखन १ जानेवारी २०३० ला मोकळं होईल, इरावतीबाई कर्व्यांचं २०३१ ला आणि ग. दि. माडगूळकरांचं २०३८ ला. उद्या कुठल्या करारात सत्तर मान्य केले, तर या प्रत्येक तारखेत दहा वर्षं मिळवा.

आपलं दार किती उघडं?

आपल्याकडे हे घडू शकतं का? आपल्या राज्यघटनेप्रमाणे परदेशांशी करार सरकार करतं. त्यावर संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे असं नाही. कराराप्रमाणे देशातला कायदा बदलायचा असेल तेव्हा विधेयक संसदेत येतं, पण तोवर शब्द देऊन झालेला असतो. मग खासदार फार तर कुरकुर करू शकतात.

‘आरसेप’ हा सोळा देशांचा करार आठवतो? २०१२ मध्ये बोलणी सुरू झाली. त्यातही बौद्धिक संपदेचं प्रकरण होतं, आणि त्याचे मसुदे आपल्याला कळले ते फुटले म्हणूनच. न्यूझीलंडचं स्वस्त दूध आलं तर आमच्या गोठ्याचं काय, असं विचारत दूध उत्पादक उठले. कारखानदारही बोलले. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने त्यातून अंग काढून घेतलं. दुधासाठी आवाज उठला, कारण दूध डोळ्यांना दिसतं. पुस्तकाची दहा वर्षं दिसत नाहीत.

त्यानंतर आपण संयुक्त अरब अमिरात, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या चार छोट्या देशांच्या गटाशी करार केले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी केला. बातम्या आल्या त्या व्हिस्की आणि मोटारींच्या. पण त्यातही बौद्धिक संपदेचं स्वतंत्र प्रकरण आहे. बोलणी चालू असताना २०२२ मध्ये त्याचा मसुदा फुटला होता आणि औषधं महाग होतील म्हणून आरोग्याच्या क्षेत्रातल्या संस्थांनी इशारा दिला होता. या करारांचा पूर्ण मजकूर लोकांसमोर आला, तो सही होताना किंवा झाल्यावर.

संसदेने उघडपणे केलेल्या कायद्याचा फायदा काय, त्याचं एक उदाहरण देते. आपल्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणासाठी सवलत आहे. २०१२ मध्ये तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून तिथे मुलांना झेरॉक्स मिळायचं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच सवलतीचा आधार घेऊन मुलांच्या बाजूने कौल दिला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडला. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या लेकींसाठी ही सवलत केवढी मोठी आहे, ते वेगळं सांगायला नको. उद्या कुठल्या कराराने ती आखडती घ्यायला लावली, तर आपली संसद ती एकटीने परत वाढवू शकणार नाही. समोरच्या देशालाही विचारावं लागेल.

असाही करार होतो

आंतरराष्ट्रीय करार सगळेच वाईट, असं मात्र मनात धरू नका. जून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात एक करार झाला. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी ब्रेलमध्ये किंवा आवाजात पुस्तक तयार करायचं, तर त्याला कॉपीराइटची आडकाठी नको आणि ते एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावं, असा हा करार. त्याची बोलणी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेत झाली. मसुदे वेळोवेळी जाहीर होत होते आणि अंधांच्या संघटना तिथे येऊन आपलं म्हणणं मांडत होत्या. प्रकाशकही होते. भांडणं झाली, पण समोरासमोर झाली. हा करार मंजूर करणारा जगातला पहिला देश आपला भारत, जून २०१४ मध्ये. म्हणजे दार उघडं ठेवूनही करार होतो.

मग आपण करायचं काय? मोर्चे काढा असं मी म्हणत नाही. पण खासदार गावात येतात, सत्कार घेतात, महिला मेळाव्यात भाषण करतात. तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर हेही विचारा: सध्या कुठल्या देशाशी बोलणी चालू आहेत, त्यात पुस्तकांचा आणि औषधांचा काय शब्द दिला जातोय, आणि सही होण्याआधी तो मजकूर तुम्ही स्वतः वाचणार आहात का? गावच्या वाचनालयाच्या समितीवर असाल, तर हाच प्रश्न लेखी पाठवा आणि पोच घ्या. आणि पुढच्या वेळी ‘करार झाला’ अशी बातमी आली, की मोटारींच्या किमतीपाशी थांबू नका. बौद्धिक संपदेच्या प्रकरणात कॉपीराइटची किती वर्षं लिहिली आहेत, तो आकडा शोधा. साठ असेल तर ठीक. सत्तर असेल, तर आपल्या वतीने तो कुणी मान्य केला, हे विचारायला आपण मोकळ्या आहोत.